हॅकर व्हायचंय? मराठवाड्यातल्या नवख्या पोरापोरींसाठी, अगदी सुरुवातीपासून

परभणीतून, जिंतूर-सेलूतून, लातूरच्या ट्यूशन एरियातून, कुठून कुठून पोरं विचारायलेत की दादा हॅकिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. कोणाचं इन्स्टा उघडायचं असेल, शेजारच्याचं वायफाय फोडायचं असेल, मैत्रिणीच्या फोनमध्ये काय चाललंय ते चोरून बघायचं असेल तर इथूनच परत फिरा, त्यात मी मदत करणार नाही आणि या क्षेत्रातला कोणताच चांगला माणूस करणार नाही. ज्यांना मशीन आतून कशी चालते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा, लांब झालंय पण कामाचं आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो माहीत नसला की यातले नियम कुठून आले तेच कळत नाही. अमेरिकेत एमआयटी म्हणून मोठी इन्स्टिट्यूट आहे, तिथं १९४६ साली मॉडेल रेल्वेचा एक क्लब सुरू झाला, टेक मॉडेल रेलरोड क्लब. त्यातल्या काही पोरांना वर पळणाऱ्या गाड्यांपेक्षा टेबलाखालचं वायरिंग जास्त आवडायचं, टेलिफोन कंपनीचं जुनं सामान वापरून केलेलं. १९५० च्या दशकाच्या शेवटाला तिथं टीएक्स-० नावाचा कॉम्प्युटर आला आणि हीच पोरं रात्र रात्र त्याच्यापाशी बसायला लागली, कारण रात्री मशीन मोकळी मिळायची. प्रोग्राम जमला की त्याची कागदी टेप ड्रॉवरमध्ये ठेवायचे, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, बघावी, सुधारावी. १९६२ साली पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी स्पेसवॉर नावाचा गेम केला, मग दुसऱ्या एकानं, पीटर सॅमसननं, त्यात आकाशातले खरे तारे जागच्या जागी बसवले. कोणी कोणाची परवानगी अडवून ठेवली नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. खोलून बघायचं, जमलं की दाखवायचं, दुसऱ्यानं केलेल्यात आपली भर घालायची, हे तिथून आलंय.

आणि हा स्वभाव आपल्याकडं काही कमी नाही बरं का. रात्रीची लाईट आली आणि मोटर उचलंना झाली की बॅटरी तोंडात धरून स्टार्टर खोलून बसणारा माणूस प्रत्येक गावात आहे. कमी आहे ती त्या स्वभावाला कॉम्प्युटरकडं वळवणाऱ्या लोकांची, म्हणून हे लिहायलोय.

पायरी १: स्वतःचं मशीन पाहिजे, भारीच पाहिजे असं नाही

जुना लॅपटॉप चालतो. ४ जीबी रॅम असली तरी भागतं, हार्डडिस्क जुनी असेल तर शक्यतो एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवून घ्या, सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो. त्यावर लिनक्स टाका, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स मिंटचं एक्सएफसीई व्हर्जन हलकं आहे, २ जीबी रॅमवर पण चालू होतं, पण ४ असलेली बरी. आधी पेनड्राईव्हवरून लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा, वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, मग इन्स्टॉल करा, आणि इन्स्टॉल करायच्या आधी घरातले फोटो, बाबांची सातबाराची पीडीएफ, ताईची मार्कशीट सगळं दुसरीकडं कॉपी करून ठेवा. हे करायचंच.

काली लिनक्स, म्हणजे हॅकिंगची टूल आधीच भरलेलं लिनक्स, आत्ताच टाकू नका. यूट्यूबवर काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं बघून सगळ्यांना तेच पाहिजे असतं, पण काली बनवणारे स्वतःच सांगतात की लिनक्सची ओळख नसलेल्यांसाठी ते नाही. टूल चालवता आलं म्हणजे काय चाललंय ते कळलं असं होत नाही.

लॅपटॉपच नाही, फक्त मोबाईल आहे? मग टर्मक्स टाका, मोबाईलवर टर्मिनल देणारं अ‍ॅप आहे, ते एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅपच्या स्टोअरवरून घ्या. त्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट चालतं, खऱ्या टर्मिनलची, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीची, सवय होते. सुरुवातीचे बरेच दिवस तेवढ्यावर निघतात.

लिनक्सच कामून, विंडोज कामून नाही, असं विचारतात. कारण लिनक्सचा सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ प्रोग्राम, उघडा आहे, तुम्ही आत जाऊन बघू शकता, बदलू शकता, आणि बदललेलं दुसऱ्याला देऊ शकता, कायद्यानं. यामागं एका प्रिंटरची गोष्ट आहे. १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, सारखा अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथं काम करायचा. आधीच्या प्रिंटरला त्यानं अशी सोय केली होती की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना मेसेज जायचा. नव्याला तसंच करायला गेला तर सोर्स कोडच नाही. ज्याच्याकडं होता त्यानं दुसऱ्याला देणार नाही असं लिहून दिलेलं, त्यामुळं यानं मागितल्यावर नाही म्हणाला. स्टॉलमनला ते फार लागलं. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यानं जीएनयू प्रोजेक्ट, म्हणजे सगळ्यांसाठी उघडी ऑपरेटिंग सिस्टिम बनवायचं काम, जाहीर केला, १९८९ मध्ये कोड घ्या, बदला, पण पुढं देताना उघडाच ठेवा असं सांगणारं जीपीएल लायसन्स आलं, आणि १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला, तो नंतर याच लायसन्सखाली दिला. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच कर्नल आहे.

म्हणून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर, कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारं), मॉड एपीके (फेरफार केलेल्या अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल) हे सगळं पहिल्याच दिवशी सोडा. एक तर त्यातूनच व्हायरस येतात, आणि दुसरं, उघड्या दारानं मिळणारं चांगलं सॉफ्टवेअर असताना चोरलेलं वापरायची गरजच राहत नाही.

पायरी २: टर्मिनल, पायथन आणि बँडिट

ही पायरी मी थोडक्यात सांगतो कारण यात सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त आहे. टर्मिनलमध्ये एलएस, सीडी, कॅट, ग्रेप, फाईंड, सीएचमॉड (ls, cd, cat, grep, find, chmod) एवढं हाताला बसू द्या, आणि प्रत्येक कमांडसाठी मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्येच असलेली तिची माहिती, वाचायची सवय लावा. मग ओव्हरदवायर या साईटवर बँडिट म्हणून फुकटचा खेळ आहे, एसएसएचनं (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) त्यांच्या सर्व्हरवर जायचं, पुढच्या लेव्हलचा पासवर्ड शोधायचा. दुसऱ्याचं उत्तर बघून पुढं गेलात तर हाताला काहीच लागत नाही, एका लेव्हलला दोन रात्री गेल्या तरी जाऊ द्या. सोबत पायथन शिका आणि स्वतःच्या घरातला एखादा प्रश्न घ्या, दूध डेअरीचा हिशोब म्हणा, सोयाबीनच्या पट्ट्यांची बेरीज म्हणा, आणि त्याच्यासाठी छोटा प्रोग्राम लिहा जो घरातलं कोणीतरी खरंच वापरेल. वापरणारा माणूस समोर असला की चुका लगेच कळतात.

पायरी ३: प्रश्न कसा विचारायचा

इथं आपली पोरं सगळ्यात जास्त मार खातात, आणि हुशारी कमी असते म्हणून मुळीच नाही, तर शाळा-कॉलेजात आपल्याला प्रश्न विचारायला कोणी शिकवलेलंच नसतं.

समजा कोणी लिहिलं, "सर प्लीज हेल्प, पायथन चालत नाही, अर्जंट". याला उत्तर येणार नाही, कारण उत्तर द्यायला त्यात काहीच नाही. आता हे बघा, "लिनक्स मिंट २२, पायथन ३.१२. सीएसव्ही फाईल वाचताना युनिकोड डीकोड एरर येतोय. फाईलमध्ये मराठी नावं आहेत. एन्कोडिंग यूटीएफ-८ देऊन बघितलं, तोच एरर. पाच ओळींची नमुना फाईल आणि पूर्ण एरर खाली दिलाय." याला जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला माणूस जेवता जेवता उत्तर देऊन जाईल. काय करायचं होतं, काय झालं, एरर जशीच्या तशी, आणि तुम्ही स्वतः काय काय करून बघितलं, एवढं पाहिजेच. स्क्रीनचा तिरपा फोटो काढून टाकू नका, एरर टेक्स्ट म्हणून चिकटवा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधताना सापडेल. एआयला विचारा, माझी काही हरकत नाही, पण त्यानं दिलेला कोड ओळ न् ओळ समजल्याशिवाय चालवू नका, आणि न समजलेला कोड दुसऱ्याच्या प्रोजेक्टला तर बिलकुल पाठवू नका.

प्रश्न सुटला की तिथंच परत जाऊन लिहा कशानं सुटला. हे शंभरातले बरेच जण विसरतात, आणि सहा महिन्यांनी त्याच एररवर अडकलेला हिंगोलीचा नाहीतर हैदराबादचा पोरगा त्या पानावर येऊन रिकाम्या हातानं परत जातो.

इंग्रजीची भीती वाटते ना? मोडकं तोडकं चालतं, खरंच चालतं. तिथं तुमचं आडनाव, गाव, कॉलेज, बारावीचे मार्क कोणी विचारत नाही, तुमचा कोड चालतो का आणि तुम्ही नीट वागता का एवढंच बघतात. मला या जगातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं. आणि सर सर करायची पण गरज नाही, नावानं बोला, आदरानं बोला. कोणी उद्धटपणे उत्तर दिलं तर तो त्याचा उद्धटपणा, ती काही आपण उचलून घ्यायची रीत नव्हे, आपल्यापेक्षा नवीन आलेल्याशी तसं बोलू नका.

पायरी ४: परवानगी

स्वतःच्या मालकीच्या मशीनवर काय पाहिजे ते करा. दुसऱ्याच्या मशीनवर लेखी परवानगीशिवाय काहीच नाही. कॉलेजच्या लॅबचं वायफाय दुसऱ्याचं आहे, तहसीलची वेबसाईट दुसऱ्याची आहे, मित्राचं अकाऊंट त्यानं हसत हसत "कर रे काय होतंय" म्हटलं तरी ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे ती दुसरीच.

नुसतं प्रयोग म्हणून करायला गेलं तर काय होतं ते १९८८ मध्ये जगानं बघितलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं २ नोव्हेंबरला इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला, आपोआप एका मशीनवरून दुसऱ्यावर जाणारा. फाईली पुसायचा त्याचा हेतू नव्हता. पण एकाच मशीनवर परत परत घुसायला लागला आणि हजारो मशीन जाम झाल्या, तेव्हाचं इंटरनेटच केवढं, त्यात हे. त्याला शिक्षा झाली, ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दंड. पुढं तो एमआयटीत प्राध्यापक झाला ही वेगळी गोष्ट, पण तुमच्यामागं इथं वकील लावायला कोण येणार आहे याचा विचार करा.

आपल्याकडं आयटी अ‍ॅक्ट २००० आहे. कलम ४३ प्रमाणं मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं, डेटा उतरवून घेणं, व्हायरस घालणं, सेवा बंद पाडणं यासाठी नुकसानभरपाई भरावी लागू शकते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवायच्या इराद्यानं केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड फसवून वापरला तर कलम ६६सी. सरकारनं संरक्षित जाहीर केलेल्या सिस्टिमला हात लावला तर कलम ७०, तिथं १० वर्षांपर्यंत जातं. आणि नीट लक्षात घ्या, कलम ४३ मध्ये हेतू चांगला होता म्हणून आपोआप सूट नाही.

मग सराव कुठं करायचा? जागा भरपूर आहेत. बँडिट सांगितलंच, पिकोसीटीएफ म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा आहे, पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, आणि ओवॅस्प या वेब सुरक्षेच्या संस्थेचं ज्यूस शॉप हे मुद्दाम सुरक्षेची भोकं ठेवलेलं सरावाचं ऑनलाईन दुकान तुमच्याच लॅपटॉपवर चालवता येतं. बग बाऊंटी, म्हणजे भोक दाखवून कंपनीकडून बक्षीस घ्यायचं काम, करायची असेल तर ज्या कंपनीनं स्वतः जाहीर केलंय तिचीच, आणि त्यांच्या यादीत कोणत्या साईट येतात आणि काय करायची मनाई आहे ते दोनदा वाचून.

पायरी ५: न शोधता भोक सापडलं तर

हे होतंच. समजा तुम्ही एखाद्या संस्थेच्या साईटवर स्वतःची फी पावती बघायलात आणि पत्त्यात शेवटी एक नंबर दिसला, चुकून एक आकडा वेगळा टाईप झाला आणि समोर दुसऱ्याच पोरीची पावती, नाव, मोबाईल, आधार सगळं. आता पुढच्या पाच मिनिटात तुम्ही काय करता त्याला फार किंमत आहे.

थांबा. पुढचा नंबर टाकून बघू नका, "किती जणांचं दिसतंय ते मोजू" म्हणून स्क्रिप्ट तर अजिबात लिहू नका. एक पुरावा पुरतो. त्या पोरीचा डेटा सेव्ह झाला असेल तर पुसा, स्क्रीनशॉट घेतला तर तिचं नाव, नंबर काळं करा. वहीत तारीख, वेळ, पत्ता आणि काय केल्यावर काय दिसलं ते लिहा. मग संस्थेला ईमेल करा, साध्या भाषेत, धमकीचा एक शब्द नको, पैशाचा उल्लेख नको. आधी पैसे द्या मग सांगतो असं म्हटलं की ती खंडणी झाली, तुमचं काम कितीही चांगलं असू द्या. उत्तर नाही आलं तर सर्ट-इनला कळवा, ही भारत सरकारची याच कामाची संस्था आहे, २००४ पासून आहे, आणि भोक कसं कळवायचं ते त्यांच्या वेबसाईटवर दिलंय. वाट बघा. गूगलची प्रोजेक्ट झिरो टीम कंपन्यांना दुरुस्तीसाठी ९० दिवस देते, त्यावरून अंदाज घ्या की दोन दिवसात ओरडायचं नसतं. आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला "बघा यांची साईट" असं टाकायचा मोह होईल, नका टाकू, कारण त्या स्टेटसनं संस्थेचं काही जात नाही, त्या पोरीचा नंबर गावभर होतो.

नीट केलं की कसं दिसतं याचं मला आवडणारं उदाहरण मार्च २०२४ मधलं आहे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा, त्याच्या लक्षात आलं की एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं. यानं खोदत खोदत शोधलं तर एक्सझेड नावाच्या, जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असणाऱ्या लायब्ररीत (दुसरे प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) कोणीतरी मुद्दाम चोरदार, म्हणजे बॅकडोअर, घातलेलं. त्यानं आधी डेबियन या लिनक्सच्या सुरक्षा टीमला आणि बाकीची लिनक्स बनवणाऱ्या लोकांना कळवलं, मग २९ मार्चला सगळ्यांसमोर मांडलं, पुराव्यासकट. जगभरातले सर्व्हर वाचले. आणि ते चोरदार घुसलं कसं माहितीय? ती लायब्ररी वर्षानुवर्षं एक माणूस एकटा फावल्या वेळात सांभाळायचा, थकलेला, त्याच्यावर लोकांनी "लवकर कर, जमत नसेल तर दुसऱ्याला दे" म्हणून दबाव आणला, आणि मदतीला आलेल्यानंच घात केला. त्यामुळं फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसाशी बोलताना जपून बोला, त्याच्यावर हक्क दाखवू नका.

पायरी ६: लोकांचे फोन तुमच्या हातात येणार आहेत

ही पायरी मला कुठल्याच इंग्रजी गाईडमध्ये दिसली नाही, पण आपल्याकडं पहिली परीक्षा इथंच होते. तुम्हाला थोडंफार येतंय हे कळलं की गल्लीतले, भावकीतले सगळे फोन घेऊन येणार. लॉकचा पासवर्ड त्यांनाच टाकू द्या, तुम्ही विचारू नका. गॅलरी, चॅट उघडायचं नाही, काम असेल तेवढंच बघायचं आणि त्यांच्यासमोर बसून करायचं. रिसेट करायच्या आधी काय काय जाणार ते सांगून हो म्हणवून घ्या. दुरुस्तीसाठी घेतलेला बॅकअप काम झालं की त्यांच्यासमोर पुसा. यूपीआयचा पिन काकूंनी आपणहून सांगितला तरी म्हणा की काकू मला नका सांगू, आणि तो त्यांनाच बदलायला लावा.

आणि कोणीतरी येणारच, बायकोचं लोकेशन दिसंल असं काहीतरी टाकून दे, पोरगी कोणाशी बोलते ते बघायचंय. नाही म्हणा. नातं कितीही जवळचं असो, पैसे कितीही देवो. फोन जिचा आहे तिला माहीत नसताना त्यात काही टाकणं हे मागच्या दोन पायऱ्यांमध्ये सांगितलेल्या सगळ्याच्या विरुद्ध आहे, आणि यातून बाईमाणसाच्या जिवावर बेतू शकतं.

उलट बाजूनं, फसलेला माणूस पण तुमच्याकडंच येईल. लग्नपत्रिका म्हणून एपीके आली, उघडली, खात्यातले पैसे गेले, हे आपल्याकडं आता सारखं होतंय. तेव्हा आधी नेट बंद करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लावून द्या, बँकेला कळवा, मग सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर तितके पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. त्या माणसाला येडा म्हणू नका, घाबरलेला असतो, आणि परत कधी फसला तर तुमच्यापर्यंत यायला लाजेल.

पायरी ७: घेतलं तसं द्या

सुरुवातीलाच कर्नल लिहायची गरज नाही. तुमच्या गावाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या नकाशावर बघा, तांडा, वस्ती, जिल्हा परिषदेची शाळा, वाडीकडं जाणारा शिवरस्ता, बरंच काही तिथं नसेल, ते तुम्ही टाका, तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कोणाला येणार नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आपल्या भागातल्या बऱ्याच विषयांवर एखाद-दोन ओळींचे लेख आहेत. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचं मराठी भाषांतर लोकच करतात, त्यात अडलेली वाक्यं सुधारा, आणि "सुरक्षा समाकलन संरूपण" असलं लिहिण्यापेक्षा आजीला कळंल असं लिहा. एखादं टूल वापरताना सूचना चुकीच्या वाटल्या तर त्या दुरुस्त करून पाठवा, गिटवर पहिलं काम म्हणून हे सगळ्यात चांगलं.

आणि फायनल इयरचे प्रोजेक्ट. विकत मिळतात, सगळ्यांना माहितीय. गिटहब या कोड ठेवायच्या साईटवरून कोणाचा तरी कोड उतरवायचा, त्याचं नाव खोडायचं, आपलं टाकायचं. याच्याइतकं या संस्कृतीच्या विरुद्ध दुसरं काही नाही. कोड घ्यायला कोणाची ना नाही, तो घ्यायलाच ठेवलाय, पण मूळ माणसाचं नाव ठेवा, लायसन्सची फाईल ठेवा, आणि आपण काय बदललं ते वेगळं लिहा. छोटा असला तरी स्वतःचा प्रोजेक्ट करा, इंटरव्ह्यूत कोणत्याही ओळीवर बोट ठेवून विचारलं तरी सांगता येईल.

पायरी ८: एकट्यानं होत नाही

"तीन महिन्यात सर्टिफाईड हॅकर" अशा पाट्या आता संभाजीनगर, नांदेड, लातूर सगळीकडं लागल्यात. पैसे भरायच्या आधी तिथं जाऊन तीन गोष्टी विचारा, शिकवणाऱ्यानं स्वतः काय बनवलंय ते बघायला मिळंल का, लॅबमध्ये सराव कशावर घेता, आणि कायद्यावर किती तास आहेत. टाळाटाळ झाली तर उठा. वर लिहिलेलं बहुतेक सगळं फुकटात शिकता येतं.

त्यापेक्षा चार जण जमवा. कॉलेजची लॅब, वाचनालयाची खोली, कोणाच्या घरची गच्ची, काहीही चालंल. मुली येत असतील तर वेळ दिवसाची ठेवा, कारण होस्टेलचं गेट लवकर बंद होतं, आणि कीबोर्ड त्यांच्या हातात द्या, मागं उभं राहून बघायला लावू नका. पहिल्या भेटीत भाषण नको. एक जुना लॅपटॉप आणा, मागचं झाकण खोला, रॅम कुठली, डिस्क कुठली, पंख्यात धूळ किती ते सगळ्यांनी हातानं बघा, ब्रशनं साफ करा, परत जोडा, आणि त्याच्यावर मिंट टाका. इन्स्टॉल करताना जे जे अडलं ते एकानं मराठीत लिहून काढा. पुढच्या वेळी नवीन येणाऱ्याला तोच कागद द्या आणि लॅपटॉप त्याच्या पुढं ठेवा. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड घरून आणा, लाईटचा भरोसा नसतो.